ओढ्यापलीकडची ताटं

२६ जानेवारीची ग्रामसभा. रक्कम सात हजार दोनशे रुपये, म्हणजे तीन पाट्या, प्रत्येकी चोवीसशे. हजर: सरपंच, ग्रामसेवक आणि गावकरी. रजिस्टरवर सह्या एकशे सात होत्या. मी स्वतः मोजली तेव्हा माणसे चौसष्ट होती आणि त्यांतली नऊ ओढ्यापलीकडची.

आमचे गाव नेवासा तालुक्यात, शिंगणापूरच्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत. ओढ्याच्या अलीकडे आम्ही शेतीवाले. पलीकडे तीस घरे, सगळी बौद्ध. त्या वस्तीचे जुने नाव पाच अक्षरी आणि जातीवरून पडलेले. ते मी इथे लिहीत नाही. अशी नावे बदलायची, असा शासनाचा निर्णय होता आणि ग्रामसेवकाने तो वाचून दाखवला. नवे नाव सुचवले होते समतानगर, आणि त्याच्या दोन पाट्या.

आमच्या बाजूचा एक तरुण शेतकरी उठला. "पाटी बदलून रस्ता हुतो का? त्यापरीस मुरूम टाका."

पलीकडची एक म्हातारी खाली बसूनच म्हणाली, "मुरूमबी टाका आन् पाटीबी लावा. एकाच्या बदल्यात एक कशापायी?"

तिच्या शेजारचा शिकलेला मुलगा म्हणाला की नाव बदलायला हरकत नाही, पण नवे नाव कोणते हे वस्तीला आधी का विचारले नाही. म्हातारीने त्याला कोपराने ढोसले. "आधी जुनं जाऊंदी रं."

हिशेबाची सवय असल्यामुळे मग मी उठलो. सात हजार दोनशेत ओढ्यावर सिमेंटच्या दोन नळ्या पडल्या असत्या, हे आकड्यानिशी सांगितले आणि शेवटी म्हणालो, "नावाला काय वजन असतं का?"

पलीकडून एसटीचे निवृत्त कंडक्टर बोलले. "आण्णा, ज्याच्या डोक्यावर नसतं त्याला वजन कळत न्हाई."

लोक हसले, मीही हसलो. तेवढ्यात ग्रामसेवक म्हणाले की निर्णय सगळ्याच जातिवाचक नावांना लागू आहे, म्हणून तिसरी पाटी आमच्या गल्लीची. तेव्हा मात्र आमच्या बाजूला एकदम गलका झाला. आमच्या गल्लीचे नाव पूर्वापार आमच्या जातीवरूनच आहे. "आमचं नाव कशाला? त्यात वाईट काय हाय?" असे चार जण एकदम म्हणाले. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

ठराव मंजूर झाला. पाट्या लागल्या. आमच्या गल्लीची पाटी कुणी वाचत नाही.

आता माझ्याविषयी. गावाच्या सामाईक भांड्यांची वही बावीस वर्षे माझ्याकडे आहे. मंदिरामागच्या खोलीत चारशे ताटे, वाट्या, पेले, पातेली, पराती असा संच असतो. लग्नकार्याला तो भाड्याने जातो. तारीख नोंदवायची, अनामत घ्यायची, पावती द्यायची, परत आल्यावर मोजून घ्यायची, एवढे काम. बावीस वर्षांत एक चमचा कमी भरला तरी मी तो लिहिला आहे.

वहीच्या पहिल्या पानावर माझ्या आधीच्या हिशेबनिसाच्या अक्षरात सात नियम आहेत. सहावा नियम: भांडी ओढ्यापलीकडे जाणार नाहीत. मी तो लिहिला नाही, पण खोडलाही नाही. बावीस वर्षांत त्याचा प्रसंग एकदाच आला. चौदा वर्षांपूर्वी हेच कंडक्टर, तेव्हा नोकरीत होते, मुलीच्या लग्नासाठी भांडी मागायला माझ्या ओट्यावर आले. खाकी कपड्यांतच होते, ड्यूटीवरून थेट आलेले. मला त्यांच्या तोंडावर सहावा नियम वाचवेना. मी म्हणालो, "त्या तारखेला भांडी गेलेली आहेत." आणि ते बघत असताना, वही जुळावी म्हणून, त्या तारखेपुढे "गेली" असे लिहिले. नावाचा रकाना रिकामा, पावतीचा रिकामा, रकमेचा रिकामा. त्या वहीत अशी ओळ ती एकच.

पुढच्या वर्षी त्या तीस घरांनी घरटी वर्गणी काढून स्वतःचा संच घेतला. तीनशे ताटे, सहा मोठी पातेली, चार पराती आणि बाकीचे. तो समाजमंदिरात असतो आणि त्याची वही कंडक्टरांकडे आहे.

माझ्या मुलीचे लग्न १२ मेचे ठरले. मुलगा खर्ड्याकडचा. मार्चमध्ये मळ्यातला एक शेतकरी आला आणि म्हणाला, "आण्णा, बारा मेला पोराचं लगीन हाय. भांडी पायजेत." मी वही उघडली. बारा मेची ओळ कोरी होती. मी तारीख लिहिली, अनामत घेतली, पावती फाडून दिली, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर माझी पत्नी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "अहो, बारा मेला आपल्याच पोरीचं आहे ना?"

वही माझ्या घरात, तारीख माझ्या डोक्यात. म्हणून ती लिहायची असते हेच माझ्या लक्षात आले नव्हते. पत्नीने कप खाली ठेवले. "जगाची लग्नं लिहिलीत. पोरीचं तेवढं राहिलं."

दिलेली पावती परत मागणे मला जमणारे नव्हते. उद्या कुणीही तेच करील आणि मग वहीला अर्थ उरणार नाही. मी फोन सुरू केले. नेवाशात पाच मंडपवाले, सोनईत तीन, घोडेगावात दोन. तिथी दाट होती. दहाही ठिकाणी भांडी गेलेली, आणि ती खरोखरच गेलेली. कागदी ताटल्या मिळाल्या असत्या, पण सातशे माणसांचा भात कागदात शिजत नाही.

"ओढ्यापलीकडं संच आहे," पत्नी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

मी तिला ती चौदा वर्षांपूर्वीची ओळ दाखवली. तिने ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मग तर जायलाच पाहिजे. चला, मी येते."

पण जाण्याआधी मी माझ्या धाकट्या भावाशी बोललो आणि तिथे चूक झाली. तो म्हणाला, "पातेली आणा. ताटं आणू नका. त्यांच्या प्रत्येक ताटावर वस्तीचं जुनं नाव घातलेलं हाय, मधोमध. पातेल्यावरचं आचाऱ्याला दिसंल, पाव्हण्यांना न्हाई. जेवण कागदी ताटलीत वाढू. खर्ड्याचे पाव्हणे कसे हायेत, आपल्याला काय म्हाईत? मांडवात कुणी उठलं तर पोरीचं नाव जाईल."

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसे त्यांनीही घातले होते. मी कागदी ताटल्यांचा हिशेब केला. सातशे, प्रत्येकी चार रुपये, अठ्ठावीसशे. आणि त्यांच्या ताटांचे भाडे सहाशे. म्हणजे बावीसशे रुपये जास्त मोजून मला ती पाच अक्षरे झाकायची होती. ग्रामसभेत उभा राहून नावाला वजन नसते असे सांगणारा मीच. हे मला कळले नाही असे नाही. कळले, तरी मी बेत तोच ठेवला, कारण मुलगी माझी होती आणि मला भीती वाटत होती.

आम्ही दोघे ओढा ओलांडून गेलो. कंडक्टर ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांनी जय भीम म्हटले, मी राम राम म्हटले, दोघांचेही भागले. आत हाक गेली, पाणी आले. ग्रामसभेतली म्हातारी बाहेर आली. ती त्यांची आई.

"काय आण्णा, इकडं कुठं? स्टॉप चुकला का?"

मी सगळे सांगितले. स्वतःच्या मुलीची तारीख लिहायची राहिली हे ऐकून ते इतके हसले की सोललेला लसूण मांडीवरून सांडला. "अरारारा! कंडक्टर स्टँडावरच राहिला आन् गाडी निघून गेली!"

हसणे थांबल्यावर त्यांनी वही आणली. आमच्यासारखीच, उभ्या रेघांची. १२ मे कोरी होती. पेन उघडून ते थांबले.

"आण्णा, एक इचारू का? माझ्या पोरीच्या लग्नाला तुमची भांडी कुठं गेल्ती?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. मी म्हणालो, "कुठंच गेली नव्हती. खोलीत होती."

"मला म्हाईत हाय. येताना खिडकीतून बघून आल्तो. उतरंड लागलेली हुती." मग बोटाने हवेत रेघ ओढून म्हणाले, "आन् तुमी लिहिलं ते मी उलटं वाचलं. नाव न्हाई, पावती न्हाई. तुमच्या वहीत तेवढा एक बिनतिकिटाचा पॅसेंजर हाय बघा. चौदा वर्सं फिरतोय."

मी चूक झाली म्हणालो. त्यांनी "जाऊ द्या" म्हटले नाही, आणि ते मला योग्यच वाटले. त्यांनी फक्त विचारले, "काय काय लागंल?"

तेव्हा मी म्हणालो, "पातेली आणि पराती. ताटांचं बघतो दुसरीकडं."

म्हातारी आत निघाली होती ती वळली. कंडक्टरांनी पेनाचे टोपण लावले.

"संच फुटत न्हाई, आण्णा. आमचा नियम हाय. समदा न्यायचा, न्हाईतर राहू द्यायचा." आणि मग हळू आवाजात, "ताटावरच्या नावाचं म्हणताय ना? तवा तेच नाव हुतं. सरकारी कागदावरबी तेच. दुसरं कुठलं घालणार हुतो?"

म्हातारी म्हणाली, "तुमच्या भांड्यांत आमची मिसळू नयेत म्हणून घातलं, बाबा. तुमालाच बरं."

पत्नी बोलली. "दादा, सगळा संच लिहा. सगळा."

"पाव्हण्यांना सांगा मातर," कंडक्टर म्हणाले. "मागून भांडाण नको. ताटाला बोल लागला तर आमच्या तीस घरांना लागतो."

पत्नीने तिथेच ओट्यावरून विहीणबाईंना फोन लावला. भांडी कुणाची, त्यांच्यावर काय लिहिले आहे, सगळे एका दमात सांगितले. मी ओढ्याकडे बघत बसलो. फोनचा आवाज मोठा होता म्हणून तिकडचे बोलणे सगळ्यांना ऐकू आले. मग विहीणबाई म्हणाल्या, "घासलेली हायेत का?"

पत्नीने म्हातारीकडे पाहिले. म्हातारीने नुसती मान उंच केली.

"हायेत," पत्नी म्हणाली.

"मंग मला कशाला इचारताय? आमच्याकडच्यांचं मी बघते. तुमी ते मानपानाच्या साड्यांचं बोला."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी कुठलेही भाषण केले नाही. एक प्रश्न विचारला आणि साड्यांवर गेल्या.

निघताना मी लग्नाचे आमंत्रण दिले. कंडक्टरांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. "भांडी घेतली म्हणून आमंत्रण, का आधीपासून हुतं?"

माझ्या यादीत चारशे बारा घरे होती. त्यांत पलीकडची तीन, माझ्या शेतावर कामाला येणाऱ्यांची. मी म्हणालो, "आधी नव्हतं. आता आहे. तीसही घरांना."

"बरं झालं, खरं बोलला. येऊ." आणि आईला म्हणाले, "आये, आपल्याच ताटात जेवायला जायचं हाय बघ."

घरी आल्यावर मुलीला सांगितले. ती अहिल्यानगरला बँकेत नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, ताट रिकामं झालं की नाव दिसणार. म्हणजे लाजणारे लोक भात जास्त घेतील. दहा किलो वाढवा." मी पाच किलो वाढवले.

१२ मे. तीन पंगती बसल्या. कंडक्टर सकाळपासून आचाऱ्याजवळ उभे होते. पातेले करपले तर बघा, असे त्याला दोनदा बजावून झाले होते. पहिल्या पंगतीत खर्ड्याचे पाहुणे होते आणि त्यांच्यात नवरदेवाचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्याच ओळीत होतो. मुद्दाम नव्हे, पण दुसरीकडेही गेलो नाही.

आजोबांनी भात संपवला, ताट बोटाने निपटले आणि मधली अक्षरे मोठ्याने वाचली. एक, दोन, तीन, चार, पाच. आजूबाजूचे हात थांबले. आजोबांनी ताट दोन्ही हातांनी उचलले, खालीवर केले.

"ही ताटं कुणाची?"

मी सांगितले. ओढ्यापलीकडच्या वस्तीची, तीस घरांनी वर्गणीतून घेतलेली.

"जड हायेत," आजोबा म्हणाले. "आमच्याकडं मंडपवाल्याची यत्यात ती पापडावानी वाकत्यात. कुणी घेतली त्यानं पैकं नीट टाकल्यात." आणि ताट खाली ठेवून, "वरण वाढा की. का नुसतं उभं राहाणार?"

मी वरण वाढले. घाईत थोडे त्यांच्या धोतरावर सांडले. त्यावर मात्र ते चिडले.

सगळे जेवले असे मी लिहिणार नाही. तीन पंगतींत मिळून सहाशे छत्तीस माणसे जेवली. सात जण ताट बघून उठले. सातही आमचेच होते, खर्ड्याचे एकही नाही. त्यांत माझे सख्खे चुलते होते. त्यांनी पोट बिघडल्याचे सांगितले आणि संध्याकाळी घरी भाकरी खाल्ली. ते अजून माझ्याशी बोलतात, पण त्या विषयावर नाही. तिसऱ्या पंगतीत पलीकडच्या तीस घरांपैकी सव्वीस घरांतली माणसे बसली. चार घरे आली नाहीत. ग्रामसभेत प्रश्न विचारणारा शिकलेला मुलगा त्यांत होता. कंडक्टर म्हणाले, "त्येचं बी बरोबर हाय. एका जेवणानं हिशेब मिटत न्हाई, म्हणतो." मला ते पटले. मी असतो तर कदाचित आलो नसतो.

लग्नानंतर दोन गोष्टी केल्या. वहीतल्या चौदा वर्षांपूर्वीच्या ओळीपुढे लाल शाईने लिहिले: ही नोंद खोटी, भांडी खोलीतच होती. खाली सही केली. आणि सहावा नियम खोडण्याचा विषय भांडी समितीपुढे ठेवला. पाच सभासदांपैकी चार आले. तिघे हो म्हणाले, एक नाही म्हणाला. नियम खोडला. जूनमध्ये पलीकडच्या एका घरी मुलाच्या नामकरणासाठी आमच्या दोन पराती गेल्या, पावतीसह.

ताटांवर नवे नाव घालायचे की नाही यावर वस्तीत दोन बैठका झाल्या. दुसरीला मला बोलावले होते, पण बोलायला नाही, कारागिराचा हिशेब तपासायला. तरुण मुले म्हणाली, जुने नाव घासून काढा. म्हातारी म्हणाली, "घासलं तर ताट पातळ हुईल. घामाचं हाय ते. वरचं ऱ्हाऊ द्या, खाली नवं घाला. वाचणाऱ्याला कळू द्या, कुठनं कुठं आलो." मुलांना ते पसंत नव्हते. शेवटी म्हातारीचे चालले. शिकलेल्या मुलाने मात्र लिहून घेतले की पुढचा संच घेताना त्यावर जुने नाव असणार नाही.

समतानगर, सहा अक्षरे. तीनशे ताटे, सहा पातेली, चार पराती, म्हणजे तीनशे दहा नग आणि एक हजार आठशे साठ अक्षरे. कारागिराचा भाव अक्षराला दीड रुपया. दोन हजार सातशे नव्वद रुपये झाले. शासनाच्या निर्णयात पाट्यांचा खर्च होता, ताटांचा नव्हता.

लग्नाचे माझे भाडे असे: ताटे सहाशे, वाट्या तीनशे, पेले तीनशे, पातेली तीनशे साठ, पराती एकशे वीस, बादल्या आणि ओगराळी एकशे वीस. हरवलेल्या तीन वाट्यांचे नव्वद. एकूण एक हजार आठशे नव्वद. वस्तीने ते कारागिराच्या खर्चाला धरले होते; कमी पडणारे नऊशे मी देतो, असे मी कंडक्टरांना म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"भाडं घेतो, आण्णा. वरचं न्हाई. नाव आमचं हाय."

एक हजार आठशे नव्वद रुपये मी कंडक्टरांच्या हातात दिले आणि पावती घेतली. उरलेले नऊशे तीस घरांनी दिले, घरटी तीस रुपये. चार न आलेल्या घरांनीही. दोन हजार सातशे नव्वद रुपये कारागिराला पोचले.